‘तुमचा स्वभाव कसा आहे?’ या प्रश्नाला उत्तर का सुचत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही 27 वर्षांचे, निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरातले, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला नोकरी, राहायला सिडकोत मित्रांसोबत खोली. गेल्या महिन्यात मुलगी बघायला गेलात. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं तेव्हा तिने सरळ विचारलं, “तुमचा स्वभाव कसा आहे?” आणि तुम्हाला एक वाक्य जुळवता आलं नाही. घरी आण्णांसमोर तुम्ही तोंड उघडत नाही. कंपनीत ऑडिटर आला की तुम्हालाच पुढे करतात. मित्रांत तुमच्याशिवाय मजा येत नाही, आणि रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, पहिला धप्पा, म्हणजे पहिली उडी, तुमची असते. त्या रात्री मोबाइलवर एक व्यक्तिमत्त्व-चाचणी दिली, तिने चार अक्षरं देऊन तुम्हाला अंतर्मुख ठरवलं. तीन आठवड्यांनी तीच चाचणी दिली तर अक्षरं बदलली. मग तुम्ही विचारलंत: यातला खरा मी कोणता? मला व्यक्तिमत्त्वच नाही का? आणि व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावू का?

मी 22 वर्षं नाशकात समुपदेशन करते आहे. हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडांनी पुष्कळदा आला आहे. लग्न ठरवताना येतो, नोकरी बदलताना येतो, आणि बायकांकडून बहुधा मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली की येतो. तो विचारणाऱ्या माणसात काही बिघाड असतो असा माझा अनुभव नाही.

तरी एक गोष्ट आधी सांगायला हवी. मी तुम्हाला भेटलेले नाही, आणि हे सगळं कधीपासून आहे यावर बरंच अवलंबून असतं. शाळेपासून तुम्ही असेच असाल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पण गेल्या दोन-तीन महिन्यांतच काही अचानक बदललं असेल, झोप उडाली असेल, मधल्या काही तासांचं आठवतच नसेल, दुसऱ्यांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येत असतील, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लगेच जाणं जमत नसेल तर सरकारची टेली मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीत मिळते. तुमच्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही, पण हे वाचणारे तुम्ही एकटे नाही.

आता मूळ गुंता. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची एकत्र गाठ मारली आहे. एक व्यक्तिमत्त्व आणि दुसरी ‘स्व’. व्यक्तिमत्त्व म्हणजे तुमच्या वागण्या-बोलण्यातली, विचार करण्यातली, भावना उमटण्यातली अशी धाटणी जी बऱ्याच काळ टिकते आणि तुमच्याबरोबर राहणाऱ्यालाही दिसते. शब्दातच बघा, जे ‘व्यक्त’ होतं ते. तुमचा खोलीतला मित्र तुमच्या व्यक्तिमत्त्वाबद्दल दहा गोष्टी सांगेल आणि त्यातल्या आठ बरोबर निघतील. ‘स्व’ म्हणजे तुम्ही स्वतःला काय समजता ते. ते मित्राला बाहेरून दिसत नाही. त्या मुलीने विचारला होता स्वभाव, म्हणजे पहिली गोष्ट. तुम्ही शोधायला लागलात ‘मी कोण’, म्हणजे दुसरी. इतका मोठा प्रश्न गच्चीवरच्या पाच मिनिटांत कोणाला सुटणार?

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 मध्ये ‘स्व’चे दोन भाग सांगितले. मराठीत ते फार सोप्या शब्दांत येतात: ‘मी’ आणि ‘मला’. ‘मी मला आरशात पाहिलं’ या वाक्यात पाहणारा एक आहे आणि पाहिला गेलेला दुसरा. जन्मतः हे आपल्याला येत नाही. लहान मुलाच्या नाकाला त्याच्या नकळत रंगाचा ठिपका लावून आरशासमोर बसवण्याचा प्रयोग 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. दीड-दोन वर्षांच्या आसपास मूल आरशातल्या ठिपक्याकडे न जाता स्वतःच्या नाकाला हात लावायला लागतं. तिथून ‘हा मी’ सुरू होतो. पुढे त्या ‘मला’मध्ये भर पडत जाते: माझं शरीर, माझी माणसं, माझं काम, लोक मला काय समजतात. जेम्सचं म्हणणं होतं की आपल्याला ओळखणाऱ्या जितक्या माणसांच्या मताची आपण पर्वा करतो तितके आपले सामाजिक ‘स्व’ असतात. आण्णांसमोरचे, ऑडिटरसमोरचे आणि रहाडीतले तुम्ही असे वेगवेगळे दिसता, यात त्याला नवल वाटलं नसतं. ‘माझे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे आहेत का’ असं तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. फसवायचा हेतू असतो तेव्हा ती म्हण लागू पडते. तुम्ही कोणाला फसवलेलं दिसत नाही.

आता व्यक्तिमत्त्वाकडे. माणसाचं वर्णन करायला आपल्याकडे शब्द किती आहेत बघा. घुमा, बोलघेवडा, तापट, हळवा, चेंगट, कामसू, आतल्या गाठीचा, धसमुसळा, कोडगा, भिडस्त. इंग्रजीतले असे शब्द ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी 1936 मध्ये शब्दकोशातून वेचले तर ते जवळजवळ 18,000 भरले. पुढच्या संशोधकांनी पाहिलं की यातले पुष्कळ शब्द एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. जो ‘नीटनेटका’ असतो तोच बहुधा ‘वक्तशीर’ही असतो. असं करत करत पाच मोठ्या दिशा उरल्या, आणि आज बहुतेक संशोधन त्यांवरच उभं आहे. बहिर्मुखता, म्हणजे माणसांत आणि हालचालीत उत्साह वाटणं. शिस्त, म्हणजे हाती घेतलेलं नीट तडीस नेणं. सौजन्य, म्हणजे दुसऱ्याला सांभाळून घेणं. भावनिक चढउतार, म्हणजे काळजी, चिडचिड, खिन्नता किती लवकर येते. आणि नव्याबद्दलचा मोकळेपणा. प्रत्येक माणूस या पाचही मोजपट्ट्यांवर कुठेतरी असतो. म्हणून ‘मला व्यक्तिमत्त्वच नाही’ हे होऊच शकत नाही, जसं ‘मला उंचीच नाही’ असं कोणी म्हणू शकत नाही.

तुम्ही क्वालिटीत आहात, म्हणून पुढचं तुमच्याच भाषेत सांगते. सातपूर-अंबडच्या इतक्या लोकांशी बोलले आहे की ती भाषा मलाही थोडी आली आहे. तोच जॉब, म्हणजे मोजायचा तोच भाग, मोजायचं साधन म्हणजे गेजही तोच, आणि रीडिंग दर वेळी वेगळं आलं तर तुम्ही आधी कोणावर संशय घेता? गेजवर. मग चाचणीची अक्षरं बदलल्यावर स्वतःवर का घेतलात? त्या चार अक्षरांच्या पद्धतीचा उगम कार्ल युंगने 1921 मध्ये मांडलेल्या प्रकारांत आहे. त्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी चाचणी बांधली, आणि मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या बऱ्याच चाचण्या त्याच चालीच्या असतात. अडचण अशी की ती गो-नोगो गेजसारखी चालते. आत किंवा बाहेर, एवढंच सांगते, माप सांगत नाही. बहिर्मुखतेत बहुसंख्य माणसं मधोमध असतात, दोन टोकांना थोडी. मधोमध रेघ मारून अलीकडचे अंतर्मुख आणि पलीकडचे बहिर्मुख म्हटलं की रेघेजवळचा माणूस सोमवारी एका बाजूला आणि शनिवारी दुसऱ्या बाजूला पडणारच. तुमची अक्षरं फिरली याचा मी काढलेला अर्थ इतकाच की तुम्ही कुठल्यातरी रेघेच्या जवळ आहात. ही माहिती काही वाईट नाही.

“पण पहिल्या वेळी वर्णन अगदी जुळलं होतं,” असंही तुम्ही लिहिलंत. बरट्रॅम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं स्वतंत्र व्यक्तिमत्त्व-वर्णन’ म्हणून एक कागद दिला. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली 4.26. मग उघड झालं की सगळ्यांच्या हातात एकच कागद होता, आणि त्यातली वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. ‘वरून तुम्ही खंबीर दिसता, पण आतून कधीकधी धास्तावता’ हे कोणाला जुळणार नाही? जुळल्यासारखं वाटणं हा पुरावा नाही, एवढं यातून घ्या.

आता माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा भाग. 1968 मध्ये वॉल्टर मिशेल यांनी दाखवून दिलं की एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं फारसं सांगता येत नाही. मोठा वाद पेटला, कारण मग स्वभाव म्हणून काही असतं का असा प्रश्न उभा राहिला. वादातून दोन गोष्टी हाती आल्या. पहिली, एका रीडिंगवरून काही कळत नाही, पण शेकडो रीडिंगची सरासरी काढली की माणूस बराच स्थिर दिसतो. दुसरी मला जास्त मोलाची वाटते. मिशेल, युइची शोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांची रोज निरीक्षणं नोंदवली. समजा, दोन मुलं सारखीच भांडखोर निघाली. पण त्यातलं एक मूल सवंगड्यांनी चिडवलं की उसळायचं, आणि दुसरं मोठ्या माणसाने दटावलं की. बेरीज सारखी, धाटणी वेगळी, आणि ती धाटणी प्रत्येक मुलाची टिकून होती. ‘असं झालं की मी असा होतो’ हा जो नमुना आहे, तोच माणसाची सही आहे. तुमच्या वागण्यात फरक आहे म्हणून व्यक्तिमत्त्व नाही, असं तुम्ही धरलंत. उलट तो फरक कुठे, कोणासमोर, कसा पडतो, यातच ते आहे.

तुमच्याच मजकुरातून वाचून दाखवते. ऑडिटमध्ये बोलता, कारण तयारी करून गेलेले असता. मित्रांत बोलता, कारण तिथे चुकलं तरी कोणी हिशेब ठेवत नाही. रहाडीत तर वातावरणच असं असतं की लाजाळूही उडी मारतो, त्यावरून मी काहीच ठरवणार नाही. गप्प होता ते आण्णांसमोर आणि त्या गच्चीवर, म्हणजे जिथे समोरचं माणूस आपलं मोल ठरवणार आहे असं वाटतं तिथे. चार वेगळी माणसं मला यात दिसत नाहीत. तयारीने जाणारा, माणसं आवडणारा, पण जोखलं जाण्याची धास्ती घेणारा एकच माणूस दिसतो. चुकतही असेन, पण पडताळून बघा.

इथवरचा धागा असा: वेगवेगळं वागणं हा दोष नाही, चाचणीचा गेज कच्चा आहे, आणि स्वभाव नमुन्यात शोधायचा असतो. राहिला ‘स्व’, आणि तो जास्त नाजूक आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या-दुसऱ्या भेटीत एक कोरा कागद देते आणि ‘मी’ने सुरू होणारी वीस वाक्यं लिहायला सांगते. ही पद्धत 1954 पासून वापरात आहे. आपल्याकडे पहिली सात-आठ वाक्यं भराभर येतात, आणि ती बहुधा नात्यांची असतात: मी मुलगा आहे, मी थोरला आहे, मी अमुक कंपनीत आहे. यात काही कमी नाही. मार्कस आणि कितायामा यांनी 1991 मध्ये मांडलं की काही समाजांत ‘स्व’ स्वतंत्र असा कल्पिला जातो, तर काही समाजांत नात्यांत गुंफलेला. आपला दुसऱ्यातला आहे. म्हणून आण्णांना वगळून ‘खरा मी’ शोधा असं मी कधीच सांगणार नाही. पण नवव्या-दहाव्या वाक्याला पेन थांबतं. चाळिशीतल्या एक बाई होत्या, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे. अकरा वाक्यं सगळी अमक्याची आई, तमक्याची सून अशी. मग पाच मिनिटं काहीच नाही. बाहेर गंगापूर रोडचे हॉर्न वाजत होते, आणि त्या पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. बारावं वाक्य त्यांनी लिहिलं, ‘मला स्कूटर जोरात चालवायला आवडते’, आणि लगेच त्यावर पंजा ठेवला. मी वाचेन म्हणून. तो पंजा अजून डोळ्यांसमोर आहे, कारण आमचं सगळं काम त्यानंतर त्या बाराव्या वाक्यापासून सुरू झालं. तुमचं बारावं वाक्य काय आहे मला माहीत नाही. ते कोणासमोर झाकता, हा मात्र खरा प्रश्न आहे. खोटं वाटतं ते अनेक भूमिकांमुळे नाही, एखाद्या भूमिकेत काहीतरी गिळून बसावं लागतं त्यामुळे.

हे गिळणं कुठल्या जातीचं आहे ते ओळखायला टोरी हिगिन्स यांची 1987 ची मांडणी मला रोज उपयोगी पडते. आपल्या मनात तीन ‘मी’ असतात: मी आहे तसा, मला व्हावंसं वाटतं तसा, आणि मी असायलाच हवं असं इतरांना वाटतं तसा. पहिल्या-दुसऱ्यात अंतर पडलं की खिन्नता येते, पहिल्या-तिसऱ्यात पडलं की धास्ती. तुम्ही लिहिलंत की आण्णांसमोर ‘छातीत धडधडतं’. ‘उदास वाटतं’ असं लिहिलं नाहीत. म्हणून मला वाटतं तुमचं अंतर तिसऱ्याशी आहे. बागेचं पुढे काय, नोकरी किती दिवस, असं काहीतरी न बोललेलं तिथे असावं. आण्णा कडक आहेत की नुसते कमी बोलणारे, हे मला कळलेलं नाही, आणि पुढचा सल्ला त्यावर अवलंबून आहे. मारहाण किंवा घालूनपाडून बोलणं असेल तर एकट्याने सामोरं जाऊ नका, आधी एखाद्या समुपदेशकाशी बोला.

बदलता येतं का? ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मी माझ्याकडे येणाऱ्यांच्या आई-वडिलांकडून सारखी ऐकते, आणि दर वेळी तिला हरकत घेते. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की व्यक्तिमत्त्वातल्या माणसामाणसांमधल्या फरकांपैकी साधारण 40 ते 50 टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता येतो. म्हणजे पिंड असतो, हे खरं. पण तुम्ही बागेत वाढलात. डॉगरिज या काटक द्राक्षजातीचा खुंट असतो, त्यावर थॉम्सन या खायच्या द्राक्षाचं कलम. मुळांचा काटकपणा खुंटाचा, पण वेल मांडवावर कशी चढेल, ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, कुठे वळतील, हे छाटणी ठरवते, आणि छाटणी एकदा करून संपत नाही. माणसांचंही दिसतं तसंच. विशीपासून पुढे सरासरीने शिस्त आणि सौजन्य वाढतं, भावनिक चढउतार कमी होतात, कारण नोकरी, संसार, जबाबदाऱ्या रोज थोडं थोडं वळण देतात. मुद्दाम बदलू पाहणाऱ्यांचे अभ्यासही झाले आहेत. त्यात नुसती इच्छा बाळगून फारसं काही हलत नाही, ठरवलेल्या छोट्या कृती आठवड्यामागून आठवडे केल्या तर थोडं हलतं. थोडंच, पण हलतं.

म्हणून क्लासबद्दल माझं मत: भाषण, मुलाखत, इंग्रजी बोलणं यासाठी लावायचा असेल तर लावा, ती कौशल्यं आहेत आणि उपयोगी आहेत. पण ‘21 दिवसांत नवं व्यक्तिमत्त्व’ अशी जाहिरात असेल तर पैसे खिशात ठेवा. तुम्हाला ऑडिटरसमोर बोलता येतं, म्हणजे बोलण्याचं कौशल्य तुमच्याकडे आहेच. आत्मविश्वास ही सगळीकडे सारखी पुरणारी वस्तू नसते. अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 पासून हेच मांडलं की ‘हे काम मला जमेल’ हा भरवसा त्या त्या कामापुरता असतो, आणि तो येण्याचा सर्वांत पक्का रस्ता म्हणजे ते काम लहान प्रमाणात करून जमवणं.

तुमच्या बाबतीत ते लहान काम असं. या आठवड्यात वीस वाक्यं लिहा, कोणाला दाखवू नका. त्यानंतर बहीण किंवा भाऊ, खोलीतला मित्र आणि कंपनीतला एक सहकारी, अशा तिघांना माझ्या स्वभावाचे तीन शब्द सांगा म्हणून विचारा. तिघांच्या यादीत एखादा शब्द सामायिक निघेल. मुलीला पुन्हा भेटाल तेव्हा तो शब्द आणि तुमचा नमुना सांगा: “मी ओळख होईपर्यंत कमी बोलतो, ओळख झाली की थांबत नाही. तुम्ही त्या दिवशी विचारलंत तेव्हा मी घाबरलो होतो.” माझ्या मते हे कुठल्याही चार अक्षरांपेक्षा खरं उत्तर आहे, आणि तिला तुमच्याबद्दल काही ठरवायला यातून खरंच मदत होईल.

आणि ऑक्टोबर छाटणीला घरी जाल तेव्हा, आण्णा वर सांगितल्यासारखे मारणारे-बोलणारे नसतील तर, त्यांच्याशी एक वाक्य बोला. समोरासमोर खुर्चीत बसून नको, ओळीतून चालताना, दोघांची नजर वेलींवर असताना. सगळं नका सांगू, वीसातलं एकच, सर्वांत हलकं. ते काय म्हणाले, किंवा काहीच म्हणाले नाहीत, ते मला कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.